धाकटीला रात्री टोचणं आजपासून बंद करा

पत्र

मॅडम, सप्रेम नमस्कार. आम्ही पिंपळगाव बसवंतच्या बाजूला मळ्यात राहतो, द्राक्षाची बाग आहे. थोरला मुलगा अकरा वर्षांचा. गेल्या दिवाळीत त्याला टाइप वन डायबेटिस निघाला. त्याआधी तीन आठवडे तो सारखं पाणी पीत होता, पण छाटणी आणि पेस्टची गडबड होती, आमचं लक्षच गेलं नाही. उलट्या सुरू झाल्या तेव्हा जवळच्या दवाखान्यात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला नाशिकला आयसीयूत ठेवावं लागलं. जीएडी नावाची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली. तो दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो. मात्र गेल्या दोन महिन्यांत डोस निम्म्यावर आलाय. परवा उपाशीपोटी सी-पेप्टाइड केलं (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते त्यात कळतं म्हणे), ते ०.९ आलं. शुगर १६८ होती. कागदावर नॉर्मल ०.८ ते ३.९ लिहिलंय. यांचं म्हणणं, इन्सुलिनच्या पेशी परत आल्या, हळूहळू इन्सुलिन सुटेल. जाऊबाई कारल्याचा रस सुरू करा म्हणतात.

धाकटी सहा वर्षांची आहे. रोज रात्री ती झोपली की मी ग्लुकोमीटरने तिची शुगर बघते. नव्वद-पंच्याण्णव येते, तरी मला झोप लागत नाही. हल्ली ती मुठी आवळून झोपते. व्हॉट्सअ‍ॅपवर एका लॅबची जाहिरात आली, ‘बीटा सेल प्रोफाइल, डायबेटिस पाच वर्षं आधी ओळखा’. पेशी मरायला लागल्या की रक्तात कळतं, असं त्यात लिहिलंय. फास्टिंग इन्सुलिन, होमा-आयआर, एचबीए१सी, सी-पेप्टाइड आणि व्हिटॅमिन डी अशा चाचण्या आहेत. तिची करून घेऊ का? सासूबाई म्हणतात, पोरांना बेदाणे आणि गोडधोड चारून तुम्हीच हे आणलंत.

– एक आई

उत्तर

ताई,

जाहिरातीचं आणि सी-पेप्टाइडचं सविस्तर सांगते, पण आधी त्या आवळलेल्या मुठींचं बघू. आज रात्रीपासून धाकटीला टोचू नका.

तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. ती उलटल्यानंतरही कित्येक महिने, पुष्कळदा कित्येक वर्षं, शुगर नॉर्मलच राहते, कारण उरलेल्या पेशी काम भागवून नेतात. त्यामुळे रात्री आलेल्या ९२ वरून आत काही सुरू झालंय की नाही, यातलं काहीच कळत नाही. तुमची धास्ती त्या आकड्याने कमी होणार नाही, हे तुम्ही अनुभवतेच आहात. पोरीला मात्र एवढं कळलंय की झोपलं की आई टोचते. उद्या सकाळी, ती जागी असताना, जवळ घेऊन सांगा की आता रात्री कुणी टोचणार नाही. आणि तो शब्द पाळा. पुढेमागे तिची तपासणी करायची वेळ आली तर तिचा तुमच्यावर विश्वास असलेला बरा.

मीटर तिच्यासाठी वापरायचा तो लक्षण दिसलं तर. सारखं पाणी मागायला लागली, रात्री दोन-तीनदा लघवीला उठू लागली, कोरडी झोपणारी पोर पुन्हा अंथरूण ओलं करू लागली, वजन उतरलं, कारण नसताना मलूल दिसली, तर लगेच, दिवसा, तिला सांगून. लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, नवी लावा, भावाची वापरलेली नको. आणि त्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. तुमच्या घरात हे मुद्दाम सांगते, कारण द्राक्षं हाताळलेल्या बोटावर रसातली साखर असते, स्पिरिटच्या बोळ्याने ती पुरती जातेच असं नाही, आणि मीटर मुळात नसलेली अडीचशे दाखवून मोकळा होतो. हात धुऊनही उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा दिवसभरात कधीही २०० किंवा त्याहून जास्त आली, तर त्याच दिवशी लॅबमध्ये रक्त द्या आणि डॉक्टरांना गाठा. उद्यावर टाकू नका.

आता ती जाहिरात. ‘पेशी मरायला लागल्या की रक्तात कळतं’ हे वाक्य अगदीच हवेतलं नाही, म्हणून ते फसवं आहे. प्रत्येक पेशीत इन्सुलिनचं जनुक असतं. बाकीच्या पेशींत त्यावर मिथाइलच्या रासायनिक खुणा असतात आणि ते गप्प असतं. बीटा पेशीला ते रोज वापरायचं असतं, म्हणून तिथे या खुणा बहुतेक नसतात. पेशी मेली की तिच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. तेव्हा इन्सुलिनच्या जनुकाचा खुणा नसलेला तुकडा रक्तात सापडला, तर तो बीटा पेशीतून आला असण्याची शक्यता फार. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये ही पद्धत उंदरांत आणि नुकताच टाइप वन झालेल्या रुग्णांत वापरून दाखवली. त्याच धर्तीवर मायक्रोआरएनए-३७५ नावाच्या रेणूवर काम चालू आहे. ताणाखालच्या बीटा पेशी अर्धवट तयार झालेलं इन्सुलिन, म्हणजे प्रोइन्सुलिन, जास्त सोडतात. त्याचं सी-पेप्टाइडशी प्रमाण काढून अंदाज बांधता येतो का, हेही तपासलं जातंय.

पण हे सगळं अजून संशोधनातलं आहे. डीएनएचे हे तुकडे रक्तात फार वेळ टिकत नाहीत, तासा-दोन तासांत त्यांची बोळवण होते. पेशी मरतात त्या मात्र वर्षानुवर्षं, थोड्याथोड्या. एका सकाळी काढलेल्या नळीभर रक्तात ती खूण सापडेलच असं नाही. दुसऱ्याच्या आयलेट पेशी (स्वादुपिंडातले पुंजके, ज्यांत बीटा पेशी असतात) रुग्णात बसवल्यावर पहिल्या काही तासांत त्यातल्या पुष्कळ मरतात, तेव्हा ही खूण ठसठशीत दिसते. सहा वर्षांच्या पोरीत अगदी सुरुवातीला जे हळूहळू होत असेल ते पकडणं वेगळं. शिवाय निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या पद्धती आणि आकडे एकमेकांशी नीट जुळत नाहीत. अशी चाचणी मुलांच्या डॉक्टरांनी रोजच्या कामात लिहून द्यावी, इथवर गोष्ट आलेली नाही.

आणि गंमत बघा, तुमच्या लॅबच्या पॅकेजमध्ये तीसुद्धा नाही! नाव ‘बीटा सेल प्रोफाइल’, आणि आत काय, तर फास्टिंग इन्सुलिन आणि होमा-आयआर. हे आकडे शरीर इन्सुलिनला किती दाद देतं ते सांगतात. पोट सुटलेल्या, टाइप टूच्या उंबरठ्यावर असलेल्या मोठ्या माणसाचा तो प्रश्न. एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी. टाइप वनमध्ये ती हलते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. अंगात लोह कमी असेल तर ती उगाच वाढलेली दिसते, आणि सुरगाणा-पेठकडच्या ज्या घरांत सिकलसेल आहे तिथे तर तिच्यावर विसंबूच नये. व्हिटॅमिन डी कशाला घातलंय ते त्यांनाच ठाऊक. सी-पेप्टाइड कामाचं आहे, पण ज्याला निदान झालंय त्याच्यासाठी. जी चाचणी खरोखर काही वर्षं आधी इशारा देते, तिचं नावही त्या पत्रकात नाही. हे पॅकेज घेऊ नका.

ती चाचणी म्हणजे अँटिबॉडीची, प्रतिकारशक्तीने आपल्याच पेशींविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांची. थोरल्याची जीएडी झाली, ती यातलीच एक. तिच्या जोडीला आयए-२, झिंक ट्रान्सपोर्टर ८ आणि खुद्द इन्सुलिनविरुद्धची अँटिबॉडी, अशा चार मुख्य. या अँटिबॉडी स्वतः पेशी मारत नाहीत, ते काम प्रतिकारशक्तीच्या टी पेशींचं. पण चारांपैकी दोन किंवा जास्त पॉझिटिव्ह असतील तर हल्ला सुरू झालाय असं धरतात, शुगर नॉर्मल असली तरी. २०१५ पासून यालाच टाइप वनची पहिली स्टेज म्हणतात. शुगर हलू लागली की दुसरी. थोरला दिवाळीत जिथे सापडला ती तिसरी.

अमेरिकेतलं कोलोरॅडो, फिनलंड आणि जर्मनी इथल्या मुलांचा एकत्र हिशोब २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन किंवा जास्त अँटिबॉडी असलेल्या मुलांपैकी साधारण ७० टक्क्यांना दहा वर्षांत डायबेटिस झाला. एकच अँटिबॉडी असेल तर तोच आकडा १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून एकटी जीएडी करून समाधान मानू नका. लहान वयात बऱ्याचदा इन्सुलिनची अँटिबॉडी आधी येते, जीएडी मागून.

धाकटीला धोका किती? पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत टाइप वन असलेल्या मुलाच्या भावंडांपैकी साधारण वीसात एकाला पुढे हा आजार होतो. आपल्याकडे हे आकडे जसेच्या तसे लागू होतील असं नाही, पण अंदाजाला धरा. शेजारच्या घरातल्या मुलापेक्षा तिचा धोका नक्कीच जास्त. तरी तिला तो होणार नाही याचीच शक्यता कितीतरी मोठी.

करायची का मग? माझं मत विचाराल तर, करा. सहाव्या वर्षी करायला हरकत नाही. संशोधकांनी दोनदाच तपासायचं तर कोणतं वय धरावं याचा हिशोब केला, तेव्हा दोन आणि सहा वर्षं हीच वयं पुढे आली. पण थोरल्याचे जे मुलांचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे तज्ज्ञ) आहेत त्यांच्या सांगण्यावरून, चारही अँटिबॉडी, आणि यजमानांशी बसून ठरवल्यावर. रक्त काढण्याआधी दोघांनी एकमेकांना विचारा : पॉझिटिव्ह आली तर आपण काय करणार? सासूबाईंना सांगणार का? शाळेत? पोरीला? याची उत्तरं आधी ठरली नसतील तर तो रिपोर्ट घरात नुसता भुंगा लावेल.

निगेटिव्ह आली तर हुश्श म्हणा. पण ती कायमची सनद नाही, दहाच्या आसपास पुन्हा करता येईल. एक पॉझिटिव्ह आली किंवा दोन, आधी दुसऱ्या दिवशीच्या वेगळ्या नमुन्यावर खात्री करा, त्याशिवाय कुणाला फोन करू नका. दोन पक्क्या निघाल्या तर तिच्या वयात साधारण सहा महिन्यांनी शुगरची तपासणी आणि डॉक्टरांची नजर. टोचण्याचं वेळापत्रक मग ते ठरवतील, तुम्ही नाही.

‘कळून उपयोग काय, थांबवता तर येत नाही’ असं कुणी म्हणेल. थांबवता येत नाही हे खरं. लांबवण्याचं एक औषध आहे, टेप्लिझुमॅब. दुसऱ्या स्टेजमधल्या ७६ जणांवरच्या अभ्यासात, २०१९ साली, त्याने आजार सरासरी दोन वर्षं पुढे ढकलला. अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला मान्यता मिळाली, तीही आठ वर्षांवरच्यांसाठी आणि दुसऱ्या स्टेजसाठीच. सलग चौदा दिवस शिरेतून द्यावं लागतं, आणि तिथली तेव्हाची किंमत एका कोर्सला सुमारे १ लाख ९४ हजार डॉलर. या औषधाच्या आशेवर चाचणी करू नका.

खरा उपयोग घरगुती आहे. ज्याला आधीपासून माहीत असतं तो सहसा आयसीयूपर्यंत जात नाही. जर्मनीत बव्हेरिया प्रांतात २०१५ पासून लहान मुलांची अशी तपासणी चालू आहे, आणि तिथे आधी सापडलेल्या मुलांत निदानाच्या वेळी इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचवणारा जीवघेणा कीटोअ‍ॅसिडोसिस फार क्वचित दिसला. इटलीने तर २०२३ मध्ये देशभरच्या मुलांसाठी कायदाच केला. आणि तुम्ही चाचणी न करायचं ठरवलंत तरी त्यात गुन्हा नाही. वर सांगितलेली लक्षणं तुम्हाला आता पाठ आहेत, मीटर घरात आहे. दिवाळीत यातलं काही नव्हतं.

आता थोरल्याचं ०.९. हा मुद्दा मला तुमच्या पत्रात सगळ्यात धोक्याचा वाटला.

बीटा पेशी आधी प्रोइन्सुलिन बनवते. शिकागोच्या डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये ते शोधलं. ते तुटून एक इन्सुलिन आणि एक सी-पेप्टाइड होतं, नेमकं जोडीने. निघालेल्या इन्सुलिनपैकी बरंचसं यकृत परस्पर उचलतं, सी-पेप्टाइडला मात्र ते हात लावत नाही. बागेतून क्रेट निघाले की गाडी कुठेही जावो, पावतीपुस्तकात स्थळप्रत राहतेच, तसं. टोचायच्या इन्सुलिनबरोबर सी-पेप्टाइड येत नाही, म्हणून ०.९ हे सगळं मुलाच्या स्वतःच्या स्वादुपिंडाचं आहे. इथवर यजमान बरोबर आहेत.

पण त्या कागदावरचं ०.८ ते ३.९ हे ज्याची सकाळची शुगर ऐंशी-नव्वद आहे अशा माणसासाठी आहे. तुमच्या मुलाची त्याच नमुन्यात १६८ होती. धडधाकट स्वादुपिंडाने १६८ बघून याच्या कितीतरी पट माल सोडला असता. तेव्हा हे ०.९ ‘नॉर्मल’च्या रकान्यात बसलं तरी त्या शुगरच्या मानाने तोकडं आहे. सी-पेप्टाइड कधीच एकटं वाचू नका, शेजारी त्याच वेळची शुगर हवीच. ती खूप खाली असेल तर सी-पेप्टाइडही आपोआप उतरतं, मग रिपोर्ट विनाकारण घाबरवतो. (केसा-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घरात कुणी मुलांना देत असेल तर काही मशिनवर त्यानेही आकडा चुकतो. आधी डॉक्टरांना विचारून बंद करा.)

डोस निम्म्यावर आलाय तो हनिमून पिरियडमुळे. निदान होताना उरलेल्या पेशी चढ्या शुगरने दमून गप्प पडलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं की त्या सावरतात आणि पुन्हा कामाला लागतात. नव्या उगवत नाहीत. प्रतिकारशक्तीचं काम तिकडे चालूच असतं, आणि काही महिन्यांत, कधी वर्षभराने किंवा थोडं पुढेमागे, डोस परत वाढू लागतो. तो वाढेल तेव्हा ‘कुठे चुकलं’ म्हणत बसू नका.

म्हणून आत्ता इन्सुलिन सोडणं ही सगळ्यात वाईट वेळ. त्या उरलेल्या पेशींना आराम मिळतो तो याच इन्सुलिनने, आणि त्या टिकल्या तर फायदा खरा आहे. अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी अभ्यासात ज्यांचं जेवणानंतरचं सी-पेप्टाइड दर मिलिलिटरला ०.६ नॅनोग्रॅमच्या वर राहिलं, त्यांना शुगर काबूत ठेवताना ती एकदम खाली जाण्याचे गंभीर प्रसंग कमी आले, डोळे-किडनीचा त्रासही कमी झाला. कारल्याची भाजी खुशाल करा, जाऊबाईंच्या हातचीच करा. रसाच्या भरवशावर एक युनिटही कमी करायचं नाही. इन्सुलिन सगळ्यात आधी टोचलं गेलं ते टोरंटोत, जानेवारी १९२२ मध्ये, एका १४ वर्षांच्या मुलाला. त्याआधी या आजाराची मुलं उपाशी ठेवून महिने मोजत जगवली जायची. कारली तेव्हाही होतीच.

थोरल्याची थायरॉइड आणि सिलिअ‍ॅकची रक्तचाचणी झाली नसेल तर पुढच्या भेटीत विचारा. (दुसरा आजार म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्याला न सोसणं.) टाइप वनच्या जोडीने हे दोन्ही आजार येतात आणि पुष्कळदा गुपचूप येतात.

सासूबाईंना माझं नाव सांगून सांगा : टाइप वन बेदाण्याने होत नाही, साखरेने होत नाही, आईच्या लाडाने होत नाही. दर दहा नव्या रुग्णांपैकी आठ-नऊ जणांच्या घरात आधी कुणालाच टाइप वन नसतो. आणि छाटणीच्या दिवसांत पोराचं पाणी पिणं लक्षात आलं नाही म्हणून तुम्ही जो दोष उरी बाळगलाय, त्याने त्याच्या पेशी गेल्या नाहीत. हल्ला त्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता.

राहता राहिला तो जवळचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरांशी भांडू नका, रात्री-अपरात्री तेच लागणार. धाकटीला कधी उलट्या झाल्या, पोटात दुखलं, जोरजोरात श्वास लागला किंवा तोंडाला पिकल्या फळासारखा वास आला, तर आत शिरताच पहिलं वाक्य म्हणायचं : ‘हिच्या भावाला टाइप वन आहे, आधी शुगर आणि लघवीतले कीटोन बघा, मग सलाईन लावा.’ हे वाक्य यजमानांना, सासूबाईंना आणि मळ्यावरच्या गाडीवाल्यालाही पाठ करून ठेवा, कारण त्या वेळी घरात कोण असेल सांगता येत नाही.